साठ मीटर, दहा मिलिमीटर

पेनरिनच्या खाडीला ओहोटी लागली
की दुकानात चिखलाचा वास येतो, थेट जयगडचा.
डेन्झिल अँगोव्ह याला वास मानतच नाही.
अकरा वर्षं मी त्याच्या हाताखाली
कड्या मोजते आहे.

आज एक जोडपं आलं. नुकतेच निवृत्त,
होडी मात्र जुनी, अडतीस फुटी.
त्याला हवी होती सगळ्यात जाड साखळी.
"तेरा मिलिमीटर द्या. तुटता कामा नये."

डेन्झिलने कानामागची पेन्सिलसुद्धा काढली नाही.
"झोपणार कुठे?"
दोघं एकमेकांकडे बघायला लागले.
"म्हणजे तळ कसला? चिखल, वाळू, की नुसतं शेवाळ?
पाणी किती? आणि भरती चढल्यावर?
एवढं लोखंड पुढे नाळेत भरलंत
तर होडी जन्मभर मान खाली घालून चालेल,
नव्या सुनेसारखी."
(सून माझी. तो एवढंच म्हणाला, नाळ बुडेल.)

तेव्हा बाईंनी पिशवी उघडली.
चहाच्या फडक्यात गुंडाळलेलं
रहाटाचं चाक काउंटरवर ठेवलं.
तोवर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

मी तुकडे लावून पाहिले.
आठची कडी खाचेतून घसरली.
तेराची वरच राहिली,
पाटावर न मावणाऱ्या पाहुण्यासारखी अवघडून.
दहाची बसली.
टक्क.
बाई हसल्या. त्यांना घरूनच ठाऊक असावं.

"पण दहा पुरेल का?" त्याचं चालूच.
पुरेल. खोलीच्या पाचपट सोडा, वारा असला तर सातपट.
नांगर धरतो खरा, पण झोप लागते ती
तळावर आडव्या पडलेल्या साखळीमुळे.
वारा आला की तिची एकेक कडी उचलली जाते,
वारा पडला की पुन्हा चिखलात.
रात्रभर एवढंच.

माझ्या बाबांच्या मचव्यावर साखळी नव्हती.
भोक पाडलेला दगड आणि काथ्याचा दोर.
एका वादळात दगड कपारीत अडकला
आणि लाटा आत यायला लागल्या.
बाबांनी कोयता घातला.
गावात आठवडाभर थट्टा झाली,
रघुवीर नांगर विसरून आला म्हणून.
बाबा जेवताना आईला म्हणाले,
दोर होता म्हणून आलो गं.

एकशे अडतीस किलो. डेन्झिलने हातगाडी आणली.
दर दहा मीटरवर रंग लावायचा, तो त्यांना सांगत होता,
पिवळा नको, चिखलात दिसत नाही.
मी मागच्या फळीवरून दोर काढला,
चार वाव, करंगळीएवढा.
"शेवटची कडी होडीला शॅकलने अडकवू नका.
या दोराने बांधा. टोक डेकवर येईल इतका लांब ठेवा.
आणि सुरी तिथेच, हाताशी."

"सुरी?" तो म्हणाला. "आठशे पौंडांची साखळी घेऊन?"

बाईंनी दोर हातात घेतला,
पीळ थोडा उलगडून पाहिला, पुन्हा घातला,
आणि चाकासोबत फडक्यात गुंडाळला.

बिलात मी तो धरला नाही.
डेन्झिलने बिल दोनदा वाचलं, सही केली.
बाहेर हातगाडी फरशीवरून खडखडत गेली,
बराच वेळ ऐकू येत होती.