बेसिनखाली

वाल्पाराइसोत नळ दुरुस्त करणाऱ्याला गासफिटर म्हणतात,
गॅसशी त्याचा संबंध असो वा नसो.
मी त्याला बोलावणार नव्हते.

रात्री जागून थेंब मोजले: मिनिटाला एकोणचाळीस.
आमच्या टेकडीवर पाण्याला मुळात जोर कमी,
त्यात जे धापा टाकत वर येतं
ते असं टिपटिप वाया.
सकाळी बेसिनखालची चावी बंद केली,
नळाचं डोकं उघडलं, वायसर काढला:
शर्टाच्या बटणाएवढा, काळा, कडेने कुरतडलेला.
तो मुठीत धरून दोनशे सहा पायऱ्या उतरले.
रिगोबेर्तोने काउंटरवर डबा उपडा केला,
म्हणाला, शोध तुझा तू.
वायसर शंभर पेसोंचा.
खरी किंमत येताना गुडघ्यांनी सांगितली.

नळ गप्प झाला.
त्या संध्याकाळी मी मलाच दुसरा कप चहा दिला.

मग बेसिन तुंबलं.
उकळतं पाणी ओतलं. सोडा, त्यावर व्हिनेगर.
फेस आला, त्याच्यासोबत थोडी आशा,
मग दोन्ही बसले.
खाली बादली सरकवली, पाठीवर आडवी झाले.
तोंडावर गुडघ्यासारखा वाकलेला पाइप.
पान्हा लावला, सटकला. लावला, सटकला.
तीन लेकरांना पुरला तो पान्हा वेगळा;
हा लोखंडाचा, याला माया कळत नाही.
नटाला फडकं गुंडाळलं, दात आवळले,
आणि बदकन सगळं बादलीत:
मेणासारखी गोठलेली चरबी, ऑलिव्हच्या दोन बिया,
आणि केस.
निळे.

मिल्याराय पुंता आरेनासला गेली त्याला दोन हिवाळे झाले.
जाण्याआधी आम्ही कशावरून भांडलो?
बेसिन निळं केलंस, यावरून.
केस वर्तमानपत्रावर वाळत ठेवले दुपारभर,
मग टाकले.
त्यावर अधिक बोलणार नाही.

पाइप बसवला. आट्यांवर पांढरी फीत गुंडाळली,
नट ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने,
उलटी गुंडाळली तर सुटत येते.
पाणी असं गेलं, जणू कुणी हाक मारली.

तिसऱ्या दिवशी खालचा एलेआसार जिना चढून आला.
माझ्या छताला डाग आहे, म्हणाला,
काल बशीएवढा होता, आज तव्याएवढा.
मी प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवला.
कागद कोरडाच राहिला.
म्हणजे पाणी भिंतीत मुरत होतं.

स्क्रूड्रायव्हर टेकवला तर प्लास्टर
दुधात बुडवलेल्या पावासारखं आत गेलं.
मागे जुना पाइप, गंजाचे पापुद्रे सुटलेला,
त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, वरून तार,
आणि तारेला ती गाठ.
बंदरावर दोर बांधणाऱ्याची, आडवी, दुहेरी.
गुमेर्सिंदो, केव्हा केलंस हे?
कुणाला बोलवू का, मी विचारायचे.
कशाला, मी आहे ना, तू म्हणायचास.
तू नाहीस त्याला अकरा वर्षं झाली.
गाठ आत्तापर्यंत होती.

ट्यूबला बोट लावलं. पाण्याची बारीक चिळकांडी
सरळ बाहीत.
हात काढला, मुख्य चावी बंद केली,
आणि फोन केला.

नोल्बेर्तो आला तो पिशवी खाली न ठेवताच
भिंतीला कान लावून उभा राहिला.
मग म्हणाला, वायसर, वाकडा पाइप, ते तुझं.
चांगलं केलंयस. भिंतीच्या आतलं मात्र माझं.
अठ्ठ्याहत्तर हजार मागितले.
मी सत्तर म्हटलं. चौऱ्याहत्तरवर आलो.

तार तोडताना त्याने विचारलं,
ही गाठ कुणाची? भक्कम आहे.
काय ठाऊक, मी म्हणाले.

संध्याकाळी पैसे मोजताना तिसऱ्यांदा चुकले,
तेव्हा सांगितलं.
त्याने नोटा परत माझ्या हातात दिल्या,
सावकाश मोज, म्हणाला,
आणि तारेचा तो तुकडा पिशवीतून काढून
ओट्यावर ठेवला, ओल्या फडक्याशेजारी.