शेऱ्याचा रकाना

दहिवेलच्या पुढे टेकडीला कणा फुटतो,
काळा, सरळ, कुणी दोरी लावून आखल्यासारखा.
त्याच्या दोन बाजूंना माझ्या नोंदवहीतल्या दोन विहिरी.
मधे चाळीस पावलं.
केवळबाईची : पाणी चार मीटरवर.
सुपडूआप्पाची : एकोणीस, आणि तळाशी एक बेडूक.

मी वर्षातून चारदा येतो.
टेपच्या टोकाला खडू घासतो, खाली सोडतो.
खडू भिजला तिथवर पाणी,
एवढंच माझं शास्त्र.
बाकीचं विहिरीच्या अंगावर लिहिलेलं असतं :
वर मुरूम, मग भोकाभोकांचा दगड,
उकळताना त्याने टाकलेले श्वास.
भोकांत आता गारगोटीचे पांढरे दात
आणि दातांच्या फटींतून झिरपणारं
कुठल्या तरी मागल्या सालाचं पाणी.
त्याखाली तांबडा थर, वीतभर.
दोन आगींच्या मधल्या काळातली माती,
दुसरीने भाजलेली.
तिच्यावर पाणी जरा टेकतं
आणि मग आडवं निघतं,
दिवसाला चार बोटं,
उताराला वाट विचारत.

भिंतीपाशी थांबतं.
या भेगेतून एकदा आग वर यायला निघाली होती.
वाटेतच थिजली.
तेव्हापासून तिला हेच काम.

“अठे शे, तठे नही,” केवळबाई म्हणायची,
“मी काय करू?”

गेल्या माघात आप्पाने विहिरीत गाडी उतरवून
आडवं बोअर मारलं, चौदा मीटरवर.
अठ्ठावीस फूट निव्वळ काळा दगड, तीन बिटं झिजली.
पहाटे भोकातून आधी हवा आली,
मग गढूळ, मग काचेसारखं.
आप्पा म्हणे दोराला लटकूनच प्यायला.
त्या आठवड्यात केवळबाईने
पंपाचा पाइप दोनदा खाली सरकवला.

आज मार्चची फेरी.
तिची : तेरा पूर्णांक आठ.
त्याची : तेरा पूर्णांक नऊ.
साडेसहा कोटी वर्षांत पहिल्यांदा
दोन्हीकडे खडू जवळजवळ सारखा भिजला.

ती काठावर उभी. चहा विचारला नाही.
“आते हाई पानी कोनं?”

वहीत त्याला रकाना नाही.
शेऱ्याचा आहे, करंगळीएवढा.
लिहिलं : दोन्ही विहिरी यापुढे एकच समजाव्यात.
खोडलं.
खाली, भिंतीच्या पोटात,
दगड घोट घेत होता.