निळी ताडपत्री

हिक्मेत, हे मी तुला तोंडावर सांगणार नाही.
तीन वर्षं आपण बोललेलो नाही,
आता सुरुवात करायची, आणि तीही आभारांनी?
म्हणून गाईचं दूध काढताना बोलते आहे.
ती ऐकते. पुढे सांगत नाही.

ऑगस्टचा दुसरा आठवडा. हेझलनट पिकलेले,
काळ्या समुद्राकडे उतरणाऱ्या कड्यावर फांद्या ओणवलेल्या,
आणि शाबान घसरला.
कमरेला दोर होता. दोराची गाठ माझी होती.
हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. गाय पहिली.

गिरेसूनच्या इस्पितळात त्याच्या खुब्यात खिळे घालत होते
तेव्हा मी बाहेर बाकावर बोटं मोजत होते:
बारा पोती माल झाडावर,
आठवड्याने पाऊस,
मुलगा ब्रेमेनला, त्याला रजा नाही.
नवरा आत आणि बाई पोती मोजते!
मोजत होते. काय करणार.

परत आले तर बागेत टोपल्या हलत होत्या.
नूरहयात, दोन्ही सुनांना घेऊन.
काठीशिवाय उभं न राहता येणारा म्हातारा मुएझ्झिन
खाली फतकल मारून हिरवी टरफलं सोलत होता,
बोटं काळी करून.
शाळेच्या बसचा जेलाल, ज्याच्या लग्नातल्या जेवणाला
मी गावभर नावं ठेवली होती.
कुणी काही विचारलं नाही.
केझबान एवढंच म्हणाली, "साखर कुठे ठेवतेस गं?"
आणि मला हुंदका आला,
कारण साखर कुठे ठेवते तेच आठवेना.

तू नव्हतास. मी पाहिलं.
टोपल्या मोजल्या, माणसं मोजली,
आणि तू नाहीस म्हणून, खरं सांगते, हायसं वाटलं.
गावात एक तरी माणूस हवा
ज्याचं आपण काही देणं लागत नाही.

अंगणात दाणे वाळत घालून चार दिवस झाले.
पाचव्या रात्री मी शाबानच्या उशाशी.
दोन वाजता खिडकीवर पाऊस वाजला.
भिजलेला दाणा आतून काळा पडतो;
व्यापारी तो दातानं फोडतो, आणि तुमच्यासमोर थुंकतो.
शाबानला उठवलं नाही.
भिंतीकडे तोंड करून बसून राहिले.

सकाळच्या पहिल्या मिनीबसने आले.
अंगण निळं होतं.

ताडपत्री. कोपऱ्याला लाल दोऱ्याचं ठिगळ.
तीन वर्षं ते ठिगळ तुझ्या ट्रॅक्टरवर रोज बघत आले,
बघत नाही असं दाखवत.
आणि कडेनं दगड. वीस-बावीस.
नदीचे गुळगुळीत नव्हेत.
चपटे, एका अंगाला शेवाळलेले,
आपल्या बांधाचे.

ज्या बांधासाठी तू मोजणीदार आणलास आणि मी वकील.
जो वीतभर सरकला म्हणून
तुझ्या बायकोच्या मयतीला मी फाटकापर्यंत आले
आणि मागे फिरले.
अंधारात, पावसात, तू ते उपसलेस.
जवळ तेच होते.

आमच्यात ताट रिकामं परत जात नाही,
पण ताडपत्रीत काय घालावं?
धुतली, वाळवली, घडीत किलोभर दाणे ठेवले, भाजून, सोलून,
आणि जेलालच्या पोरीबरोबर पाठवली.
तुझा निरोप आला: "घडी चुकलीय."
बरं वाटलं. तूच होतास तर.

दगड मात्र अजून माझ्याच अंगणात आहेत.
बांधात भगदाड आहे,
माणूस आडवा होऊन जाईल एवढं.
काल त्यातून तुझी शेळी आली,
माझा अर्धा कोबी खाल्ला, माझ्याकडे बघत, सावकाश.
मी ओरडले. शिव्याही दिल्या, तुला ऐकू जातील अशा.
दगड जवळच होता.
उचलला नाही.