आतून कोरा

बेलापुरात, झेरॉक्सवाल्याच्या वरच्या माळ्यावर माझं दुकान.
दिवाळे गावातून गुलाब तांडेल आली,
कोलंबीच्या डब्यात, जुन्या ओढणीत गुंडाळून
एक पाईप घेऊन.
गरुडाच्या नख्यांत धरलेलं अंडं.
"इकाचा नाय," म्हणाली, "निसता काय हाय तो सांग."

मी आधी बोलत नाही. तोलतो.
खरा मीरशम हाताला फसवतो:
दगड समजून उचलावा
आणि हात ठरवलेल्या जागेच्या वर जावा.
गेला.

मग भिंग.
भुकटी मळून साच्यात दाबलेला माल
फार एकसारखा असतो,
नव्या फ्लॅटच्या बाथरूमसारखा.
ह्याच्या बुडाशी करडी शीर होती एक,
कोरणाऱ्यानं ती नखीच्या सुरकुतीत वळवून घेतलेली.
लपवण्याजोगं काही आहे
म्हणजे दगड अखंड आहे.
तोंडाची दांडी मात्र प्लॅस्टिक,
साच्याची रेघ नखाला लागली.

"आता जीभ लावावी लागेल," मी म्हणालो. "वाटीच्या आत.
बाहेर मेण असतं."
ती हसली. "माकुलाचे हाडाला लावतान तशी?"
त्या हाडाला आपण समुद्रफेस म्हणतो,
काष्ठौषधीच्या दुकानात पुडीत मिळतो.
जर्मन लोक ह्या मातीला समुद्रफेस म्हणतात,
आणि ती निघते तुर्कस्तानात, समुद्रापासून लांब,
विहिरीसारख्या खड्ड्यांतून, ओल्या साबणासारखी मऊ.
दोन्हीकडे नाव चुकलेलं,
दोन्हीकडे जीभ चिकटते.
चिकटली. क्षणभर सुटेना.

आता रंग.
इथे माझा चेहरा पडला असावा, कारण ती पुढे वाकली.
ओढणाऱ्याचा धूर आतून झिरपतो,
दांडीकडून वर चढतो, वर्षानुवर्षं,
लोणी, मग मध, मग जांभळाच्या लाकडाचा तांबूसपणा.
आणि ह्या अंड्याचा एकच गाल मधाचा,
तोही बाहेरून.
दुसरा खडूसारखा.
वाटी आतून कोरी, ठिणगीसुद्धा पडली नव्हती कधी.
"कुणीतरी चहात बुडवलाय," मी म्हणालो. "किंवा तेलात.
जुना दिसावा म्हणून करतात."

ती काही वेळ डब्याचं झाकण लावत-काढत बसली.

"बाबान कवा पेटवलाच नाय.
बोटीवं तेलवाला व्हता. कंच्या तरी बंदरान घेतला,
मयन्याचा पगार घातला त्यान.
बिडीच वराचा. ह्यो साहेबाचा हाय, म्हनाचा,
माझे तोंडाला शोभाचा नाय.
मंग आयेन देवान ठेवला. आंडा हाय ना.
एकवीरेचे बाजूला.
एकवीस वर्सां सांजचा धूप."

मी तो नाकाशी धरला.
ही परीक्षा मी करत नाही कधी,
जुन्या पाईपात शिळ्या तंबाखूशिवाय काय असणार.
राळ. कापूर.
आणि फार खाली, ओढणीतून आलेलं असेल,
सुकट.

"कागदाव लिवून दे," ती म्हणाली. "भाऊ मागतंय हिस्सा.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट वाटला, आता ह्यो पन वाटाचा म्हनतंय."
मी लिहिलं:
मीरशम, अखंड. दांडी बदललेली. वाटी न वापरलेली.
रंग:
छापील रकान्यात दोनच शब्द आहेत माझ्याकडे,
वापराने, कृत्रिम.
एकावर खूण करायची असते.
खाली झेरॉक्सचं मशीन उजेड फेकत होतं
कुणाच्या तरी सातबाऱ्यावर.

"किती द्याचं?"
मी म्हणालो, राहू दे.
"राहू दे कशाला," तिनं शंभराची नोट ठेवली,
पाईप ओढणीत घातला, परत काढला,
मधाचा गाल अंगठ्यानं पुसला.
पुसला गेला नाही.

"ही बाजू देवीकडं व्हती," म्हणाली.
"आज उलटा ठेवतंव."