०.४.२ ला लावलेलं ठिगळ

एलिसेओ,
तुझा चेहरा मला माहीत नाही.
तुझ्या सवयी माहीत आहेत.
लूपमध्ये मोजणाऱ्या चलाला तू नेहमी मासळीचं नाव देतोस,
आणि शनिवारी रात्री लिहिलेल्या ओळींत कंस मोजत नाहीस.

इथे वेस्तमान्नात, सामुद्रधुनीच्या काठावर,
बंदराच्या कचेरीत आम्ही तिघं.
प्रवाह कधी फिरेल ते सांगणारा आमचा प्रोग्रॅम
बावीस लायब्रऱ्यांवर उभा आहे,
आणि त्या बावीस आणखी कितींवर
ते हानुसनं एकदा कागदावर काढायला घेतलं.
कागद संपला.

आम्ही दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पितो
आणि ओंजळ थरथरली
की मगच वर बघतो, कोण आहे.

जानेवारीत थरथरली.
तुझ्या गणितात अक्षांश दक्षिणेचाच असतो.
वाल्दिव्हियाच्या खाडीत बसून
तू उणे चिन्ह गृहीत धरलंस,
जसं पायाखाली जमीन धरतात.
आमच्याकडे प्रवाह उलटा निघाला.
सोल्वाची होडी चाळीस मिनिटं
जागच्या जागी इंजिन फुंकत राहिली.
नशीब, फक्त डिझेल गेलं.

तुला तीन पत्रं लिहिली. दुरुस्तीही पाठवली.
तुझी शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची:
"उद्या बघतो."

मग चोरासारखी शिरले
इन्स्टॉल झालेल्या फोल्डरात,
एक ओळ बदलली, कुणाला बोलले नाही.
मार्चमध्ये हानुसनं सर्व्हर नव्यानं उभारला.
यादीतलं सगळं ताजं उतरलं,
तुझं उणे चिन्हसुद्धा,
आणि माझी ओळ कधी नव्हतीच, अशी गेली.

आता तुझं अख्खं बिऱ्हाड
आमच्या फोल्डरात आणून ठेवलंय.
परवाना जसाच्या तसा, वर तुझं नाव,
आवृत्ती खिळा ठोकून पक्की.
खाली माझी नोंद, काय बदललं, कधी, का,
आणि "मूळ लेखक परतला तर हे काढून टाका."
हानुस म्हणतो, पोर दत्तक घेतलंस,
आता ताप आला की रात्री तूच जाग.
जागेन.

काल एका फंक्शनच्या डोक्यावर
तुझी स्पॅनिश टिप्पणी दिसली,
शब्दकोश काढून लावली:
"हे का चालतं कळत नाही.
बाबांच्या वहीतले आकडे आहेत.
हात लावू नका."

लावला नाही.
फक्त त्यांच्यासाठी एक टेस्ट लिहिली,
आणि तिच्यातल्या चलाला
मासळीचंच नाव दिलं.
आमच्याकडची. कॉड.