कानखडे

भोईपुऱ्यात देवकाबाई माझ्यासाठी
मरळीची डोकी वेगळी काढून ठेवते.
"मासा सोडून मुंडकंच काऊन नेतं वं पोरी?"
पहिल्या वर्षी विचारलं होतं तिनं.
मी म्हटलं, मावशी, यांच्या कानात खडा असतो,
त्यावर वय कळतं.
तिनं एक मासा शेपटीकडून उचलला, जोखला,
"हा तीन पावसाचा. मले तं खडा नाही लागत."

मी ते वहीत टिपलं. पेन्सिलीनं.

अमरावती रोडवरच्या आमच्या विभागात
कूलरमध्ये पाणी भरायची पाळी संशोधकांची.
ते झालं की चिमटा घ्यायचा, कवटी उघडायची,
मेंदूच्या खाली चाचपडायचं:
दोन पांढरे दाणे,
न भिजलेल्या साबुदाण्यासारखे.
रेझिनमध्ये बसवून घासायचे बारीक कागदावर
श्वास धरून,
कारण एक घासणी जास्त झाली
की अख्खं आयुष्य सिंकमधून खाली.

मग भिंगाखाली वलयं.
रुंद, रुंद, आणि एकदम दाट.
हा मे महिना.
तलाव आटलेला, उरलेलं पाणी कढत,
मासा चिखलातून तोंड वर काढून हवा पीत होता.
वाढला नाही. राहिला.

"दाट जागी घाई नको," घोडेस्वार मॅडम म्हणतात,
"मोजणारे तिथंच चुकतात."

सहावं वर्ष. फेलोशिप एप्रिलपासून आलेली नाही.
मुदतवाढीच्या अर्जात रकाना आहे,
सहा महिन्यांतील प्रगती.
मी लिहिते: नमुने एकशे चाळीस,
वाचता आले एकशे बावीस.
आईच्या मोतीबिंदूला, स्कूटीच्या हप्त्याला
रकाना नाही.
घरी विचारतात, झालं का तुझं ते?
ते म्हणजे कधी प्रबंध असतो, कधी लग्न,
मी दोन्हींना एकच उत्तर देते.

काल रात्री जुनी वही काढली.
देवकाबाईचे अंदाज आणि माझी वलयं
शेजारीशेजारी मांडली.
एक्केचाळीस मासे. अडतीस जुळले.
उरलेल्या तिनांत दोनदा मीच चुकलेली,
दाट जागी.
तिसऱ्याचं काही ठरत नाही अजून.

आज तिचं पूर्ण नाव विचारायला गेले.
आभारात नाही, मावशी, म्हटलं,
पद्धतीच्या प्रकरणात घालायचंय.
तिनं सुरी पाण्यात बुडवली, फडक्याला पुसली.
"नावाचं पाहू वं बाप्पा.
मांगच्या सोमवारचे साठ रुपये
बाकी हायेत तुह्यावाले."