चौथ्या दिवसाचा थर्मास

नारीनमध्ये मार्चातही नदीवर बर्फ असतो
आणि वर्गातली शेगडी फक्त पहिल्या दोन बाकांची.
बूरुल एजे म्हणाल्या, घरून थर्मास आणा.
चहा नको. रिकामा.

सव्वीस मुलं, थर्मास चारच.
त्यातला एक माझा, म्हणजे बाबांचा.
ते मॉस्कोला बांधकामावर गेल्यापासून
फडताळात उभा, झाकण घट्ट.

नौरूझच्या सुमोलोकसाठी गहू भिजवलेलाच होता,
पांढरे कोंब, मांजरीच्या नखाएवढे.
अर्धा गहू एजेंनी माझ्या ओंजळीत ओतला :
"हा उकळ, वीस मिनिटं. नीट मार."
मी मारला. नीट.

जिवंत गहू एल्दियारच्या थर्मासात,
मेलेला माझ्या.
तोंडाशी कापसाचा बोळा, बोळ्यातून तापमापी.

मग चुन्याची निवळी. तिलेकने नळीतून फुंकली,
फुंकत राहिला, कान लाल होईपर्यंत,
आणि निवळी दुधाळ झाली.
"म्हणजे माझ्या आत चूल आहे?"
"आहे," एजे म्हणाल्या, "जाळ नसलेली.
सकाळचा नान आत्ता तुझ्या बोटांच्या टोकांत जळतोय
आणि धूर तू आमच्या निवळीत सोडलास."
तिलेक बराच वेळ बोटांकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी एल्दियारचा एकोणीस अंश.
माझा बारा.
तिसऱ्या दिवशी त्याचा पंचवीस. अख्खा वर्ग त्याच्याभोवती.
माझा बारा.
"तुझे बाराच वाजलेत," तो म्हणाला,
आणि मी वहीत बारा लिहिलं, ठळक.

चौथ्या दिवशी माझ्या थर्मासात सतरा.
मी तापमापी झटकली, पुसली, परत घातली.
सतरा.
वहीत मी बाराच लिहिलं.

एजे मागे उभ्या होत्या.
"खोड ते. दिसलं तेच लिही."
"पण एजे, मी नीट मारला होता."

बोळा काढला. वास असा की
पहिल्या बाकाने शेगडी सोडली.
दाण्यांवर करडी-हिरवी लव,
ओल्या मेंढीच्या पाठीसारखी.
एजे काही बोलेनात. हे त्यांच्या टिपणात नव्हतं.
मग हळूच, जणू दार लोटून आत डोकावत,
"गहू मेलाय गं.
पण इथे दुसरंच कुणी राहायला आलंय.
तेच श्वास घेतंय."

रविवारी बाबांचा फोन. बर्फ किती, शेळी व्याली का,
आणि थर्मास? तो नीट ठेवलायस ना?
मी म्हटलं, घाण वास येतो त्याला.
पलीकडे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं.
"मग धू," ते म्हणाले, "आणि वापर."

सोडा घालून तीनदा धुतला. वास पुरता गेला नाही.
वहीत चौथ्या दिवसासमोर
खोडलेल्या बारावर सतरा आहे.
उजेडाकडे धरलं तर
दोन्ही वाचता येतात.